विश्लेषण : मुख्य प्रशिक्षक राहिलेली मंडळी पडद्यामागच्या खुर्चीत का बसतात?

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये गेल्या दशकभरात एक प्रथा चांगलीच रुजली. मोठ्या संघाचे मुख्य प्रशिक्षकपद भूषवलेली व्यक्ती पदावरून दूर झाली की दुसऱ्या संघात साधी ‘विश्लेषक’ म्हणून रुजू होते. मैदानावर तिचे नाव घेतले जात नाही, कॅमेरा तिच्याकडे वळत नाही. पण प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास तिच्याच टेबलावर होतो. अनुभव विकत घेऊन तो पडद्यामागे बसवण्याचा हा मार्ग भारतातील संघांनीही आपापल्या परीने अवलंबला आहे. नागपूरकरांना त्यासाठी दूर पाहण्याची गरज नाही. साठ वर्षे रणजी करंडकाची वाट पाहणाऱ्या विदर्भाने बाहेरचा अनुभव आणला आणि लागोपाठ दोनदा करंडक जिंकला. मात्र तो अनुभव निघून गेल्यावर मागे काय उरते, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेत नेमके काय घडते?

तिथला फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा अमेरिकन फुटबॉल. विद्यापीठांचे सामने पाहण्यासाठी लाखभर प्रेक्षक बसतील एवढी मैदाने आहेत आणि प्रशिक्षकांचे करार कोट्यवधी डॉलरचे असतात. अलाबामा विद्यापीठाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी विश्लेषकांच्या फळीचा सर्वाधिक प्रभावी वापर केला. सात राष्ट्रीय विजेतेपदे नावावर असलेल्या सेबन यांनी जानेवारी २०२४ मध्ये निवृत्ती घेतली. त्यांच्याकडे पदच्युत झालेले प्रशिक्षक येत, एखाद-दोन वर्षे काम करत आणि पुन्हा मोठ्या पदावर जात.

स्टीव्ह सार्किसियन हे त्यातले ठळक नाव. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यांना मुख्य प्रशिक्षकपदावरून काढले. २०१६ मध्ये ते अलाबामात विश्लेषक झाले. जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्याच्या तोंडावर संघाचे आक्रमण सांभाळणारे लेन किफिन बाहेर पडले आणि ती जबाबदारी सार्किसियन यांच्याकडे आली. पुढे ते २०१९ मध्ये पुन्हा अलाबामात आले, २०२० च्या हंगामातील विजेतेपदात आक्रमणाचे सूत्रधार ठरले आणि जानेवारी २०२१ मध्ये टेक्सास विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले. माइक लॉक्सली यांचा प्रवासही असाच. २०१६ मध्ये विश्लेषक, २०१८ मध्ये आक्रमणाचे सूत्रधार आणि २०१९ पासून मेरिलँडचे मुख्य प्रशिक्षक.

कोट्यधीश प्रशिक्षक तुटपुंज्या पगारावर का येतात?

याचे उत्तर करारात दडलेले असते. मुदतीआधी काढल्यास उरलेल्या काळाची भरपाई देण्याची अट प्रशिक्षकांच्या करारात असते. ही भरपाई अनेकदा मासिक हप्त्यांनी मिळते. त्याचबरोबर दुसरे एक कलमही असते. प्रशिक्षकाने दरम्यान दुसरीकडे नोकरी धरली, तर तिथला पगार या भरपाईतून वजा होतो. म्हणजे नव्या ठिकाणी पगार जास्त मागून प्रशिक्षकाच्या हाती जास्तीचे काहीच पडत नाही. फक्त जुन्या संघाचे पैसे वाचतात.

बुच जोन्स यांचे उदाहरण बोलके आहे. टेनेसी विद्यापीठाने २०१७ मध्ये त्यांना काढले, तेव्हा त्यांची भरपाई ८० लाख डॉलरच्या पुढे होती. ते अलाबामात गेले ते वर्षाला सुमारे ३५ हजार डॉलरवर. अनुभवी माणूस नव्या संघाला जवळजवळ फुकटात मिळाला आणि त्याचे बिल प्रतिस्पर्धी विद्यापीठाने भरले. प्रशिक्षकाचाही त्यात तोटा नव्हता. यशस्वी संघात राहून नव्या पद्धती शिकता येतात, नाव चर्चेत राहते आणि पुढची नोकरी मिळणे सोपे जाते. जोन्स पुढे आर्कान्सा स्टेटचे मुख्य प्रशिक्षक झाले.

नियमांची भूमिका काय?

अमेरिकी महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था एनसीएएने मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली मैदानावर शिकवणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवली होती. २०१८ पासून ही मर्यादा दहा साहाय्यकांची होती. विश्लेषकांच्या संख्येवर मात्र बंधन नव्हते. अट एवढीच, की त्यांनी खेळाडूंना थेट शिकवायचे नाही. साहजिकच श्रीमंत विद्यापीठांनी या फटीतून मोठी फौज उभी केली. दालनात बसून योजना आखणारा माणूस मैदानात एक शब्दही बोलत नाही, हे तपासायचे कसे, हा प्रश्न कायम राहिला. अखेर जून २०२४ मध्ये एनसीएएने माघार घेतली आणि संघातील कोणत्याही कर्मचाऱ्याला सराव व सामन्यात तांत्रिक मार्गदर्शन करण्याची मुभा दिली. विश्लेषक आणि प्रशिक्षक यांच्यातील कागदी भिंत त्यामुळे पडली.

आता दुसरा ताण आला आहे. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देता येऊ लागला. पहिल्या वर्षासाठी त्याची कमाल मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती. एकाच तिजोरीतून खेळाडू आणि पडद्यामागची फौज दोन्ही पोसायचे असल्याने कोणाला ठेवायचे आणि कोणाला सोडायचे, याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो आहे.

विश्लेषकाचे काम म्हणजे काय?

गांधीबागेतील घाऊक कापड बाजारात हे समजावून सांगायला फार वेळ लागू नये. गादीवर मालक बसतो, सौदा त्याच्या नावाने होतो. पण कोणत्या गावचा व्यापारी उधारी वेळेवर फेडतो, कोणता माल कोणत्या सणाला उठतो, हे जुन्या मुनीमजीला तोंडपाठ असते. निर्णय मालकाचा, आधार मुनीमजीच्या वहीचा. संघातील विश्लेषकाचे स्थान असेच असते.

क्रिकेटमध्ये विश्लेषक प्रत्येक चेंडूची नोंद ठेवतो. फलंदाज कोणत्या टप्प्यावर अडखळतो, डावखुऱ्या फिरकीपुढे त्याचा पाय कुठे जातो, नवा चेंडू किती षटके वळतो, याच्या चित्रफिती कापून खेळाडूंसमोर ठेवतो. भारतीय संघात जॉन राइट प्रशिक्षक असताना एस. रामकृष्णन यांच्या रूपाने संगणकावर काम करणारा विश्लेषक आला, तेव्हा त्याचे अप्रूप होते. आज रणजी संघही विश्लेषकाशिवाय प्रवास करत नाहीत. मात्र आकडे काढणे वेगळे आणि त्यातून नेमका कोणता आकडा उद्याच्या सामन्यात कामाचा आहे हे ओळखणे वेगळे. दुसऱ्या कामासाठी अनुभव लागतो. म्हणूनच मुख्य प्रशिक्षक राहिलेल्या माणसाची दुय्यम पदावरही किंमत असते.

पारस म्हांब्रे यांची वाटचाल या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली बंगालने २००५-०६ आणि २००६-०७ अशा लागोपाठ दोन हंगामांत रणजीची अंतिम फेरी गाठली. विदर्भाचेही ते प्रशिक्षक होते. पुढे भारतीय संघात राहुल द्रविड यांच्या हाताखाली त्यांनी गोलंदाजी प्रशिक्षकाची भूमिका स्वीकारली आणि जून २०२४ मध्ये टी-ट्वेन्टी विश्वचषक जिंकणाऱ्या संघासोबत ते होते. मुख्य पदावरून साहाय्यक पदावर जाणे म्हणजे पदावनती, हा समज अशा उदाहरणांनी खोटा ठरवला.

विदर्भाने काय केले?

विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळत आहे. त्यानंतरची सहा दशके हा संघ बलाढ्य संघांसाठी गुण मिळवण्याचे ठिकाण मानला जाई. विदर्भ क्रिकेट संघटनेने म्हणजे व्हीसीएने आधी पाया घातला. निवासी अकादमी सुरू केली आणि वर्धा मार्गावर जामठ्याला नवे स्टेडियम उभारले. तिथे २००८ मध्ये पहिली कसोटी झाली. मग बाहेरचा अनुभव आणला. बीसीसीआयच्या नियमानुसार रणजी संघाला तीन बाहेरचे खेळाडू घेता येतात. त्या वाटेने कर्नाटकचा गणेश सतीश आला, २०१५-१६ मध्ये मुंबईचा वसीम जाफर आला. २०१७-१८ च्या हंगामासाठी मुख्य प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित यांना आणले गेले. मुंबईला २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ मध्ये रणजी करंडक जिंकून देणारे पंडित शिस्तीसाठी ओळखले जात. गोलंदाजांची बाजू सुब्रतो बॅनर्जी यांच्याकडे होती. उमेश यादवच्या जडणघडणीत त्यांचा वाटा मोठा होता.

जाफर हा तर मैदानावरचा जिवंत विश्लेषकच होता. स्लिपमध्ये उभे राहून तो कर्णधार फैज फजलला आणि तरुण गोलंदाजांना प्रतिस्पर्धी फलंदाजाचे कच्चे दुवे सांगत असे. दुखापतीमुळे आधीच्या हंगामात खेळता आले नसतानाही संघटनेने कराराचे पैसे दिले, म्हणून २०१७-१८ मध्ये आपण मानधन न घेता खेळलो, असे जाफरने जाहीरपणे सांगितले आहे. अमेरिकेतील बुच जोन्स आणि नागपुरातील जाफर दोघेही स्वस्तात उपलब्ध झाले. पण तिथे कराराचे कलम होते, इथे ऋणानुबंध होता.

परिणाम लगेच दिसला. कोलकात्यातील उपांत्य सामन्यात विदर्भाने कर्नाटकाला अवघ्या पाच धावांनी हरवले. रजनीश गुरबानीने त्या सामन्यात १२ बळी घेतले. इंदूरच्या होळकर स्टेडियमवर दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने हॅट्ट्रिक साधली. रणजीच्या अंतिम सामन्यातील ती केवळ दुसरी हॅट्ट्रिक होती. अक्षय वाडकरने शतक झळकावले आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने नऊ गडी राखून पहिला करंडक जिंकला. पुढच्याच हंगामात जामठ्यावर सौराष्ट्राला ७८ धावांनी नमवून तो राखला. त्या अंतिम सामन्यात आदित्य सरवटेने ११ बळी घेतले आणि चाळिशीतल्या जाफरने हंगामात हजाराहून अधिक धावा केल्या.

पंडित गेल्यानंतर काय झाले?

यशाच्या कथेत हा भाग सहसा सांगितला जात नाही. २०१९-२० मध्ये, पंडित असतानाच, विदर्भ बाद फेरीपर्यंत पोहोचला नाही. त्या हंगामानंतर पंडित मध्य प्रदेशात गेले. जाफरने निवृत्ती घेतली. करोनामुळे २०२०-२१ ची स्पर्धाच झाली नाही. २०२१-२२ आणि २०२२-२३ मध्येही विदर्भ साखळीतच थांबला. त्याच काळात, जून २०२२ मध्ये, पंडित यांच्या मध्य प्रदेशने बंगळूरुत मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. अनुभव माणसासोबत चालत येतो आणि माणसासोबतच निघून जातो, असा याचा एक अर्थ निघतो.

पण विदर्भाची गोष्ट तिथे संपली नाही. संघाची सूत्रे विदर्भाचेच माजी खेळाडू उस्मान घनी यांच्याकडे आली. २०२३-२४ मध्ये संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि वानखेडेवर मुंबईकडून हरला. २०२४-२५ मध्ये उपांत्य फेरीत त्याच मुंबईला जामठ्यावर ८० धावांनी हरवले. केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला, तरी पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीच्या बळावर २ मार्च २०२५ रोजी तिसरा करंडक नागपुरात आला. बाहेरचे खेळाडू याही संघात होते. करुण नायर आणि ध्रुव शोरी यांचा वाटा मोलाचा होता. परंतु हर्ष दुबेने हंगामात ६९ बळींचा रणजी विक्रम केला, दानिश मालेवारने अंतिम सामन्यात १५३ धावा केल्या आणि नेतृत्व अक्षय वाडकरकडे होते. पहिल्या करंडकाच्या वेळी शतक करणारा यष्टिरक्षक सात वर्षांनी कर्णधार म्हणून करंडक उचलतो, तेव्हा मधल्या काळात काहीतरी झिरपले होते असे म्हणावे लागते.

दोन विजेतेपदे आणि तिसरे यांतला फरक महत्त्वाचा आहे. पहिल्या दोन वेळी पद्धत बाहेरून आली होती. तिसऱ्या वेळी ती घरच्या माणसाने चालवली. बाहेरच्या अनुभवावर केलेला खर्च वसूल झाला की नाही, याचे माप करंडकांच्या संख्येत नसून या फरकात आहे.

हे गणित कुठे फसते?

अधिकार आणि जबाबदारी यांची सीमारेषा पुसट असली की अनुभवी माणूसही निरुपयोगी ठरतो. निवृत्तीनंतर जाफर उत्तराखंडचा मुख्य प्रशिक्षक झाला. संघनिवडीत हस्तक्षेप होत असल्याचे कारण देत त्याने फेब्रुवारी २०२१ मध्ये राजीनामा दिला. विदर्भात जो अनुभव मोलाचा ठरला, तो दुसरीकडे वर्षभरही टिकला नाही. माणूस तोच होता, व्यवस्था वेगळी होती.

दुसरा धोका गर्दीचा. आयपीएलमध्ये मुख्य प्रशिक्षक, मार्गदर्शक, साहाय्यक, फलंदाजी-गोलंदाजी-क्षेत्ररक्षणाचे तज्ज्ञ, विश्लेषक अशी रांग असते. कोलकाता नाइट रायडर्सने २०२४ चे विजेतेपद मिळवले तेव्हा पंडित मुख्य प्रशिक्षक, गौतम गंभीर मार्गदर्शक आणि अभिषेक नायर साहाय्यक होते. श्रेय कोणाचे यावर नंतर बरीच चर्चा झाली. जिंकल्यावर श्रेय वाटून घेता येते, हरल्यावर उत्तर कोणी द्यायचे हे मात्र आधीच ठरलेले असावे लागते. नायर यांचा पुढचा प्रवास पडद्यामागच्या माणसाचे नशीब कसे हेलकावते ते दाखवतो. २०२४ मध्ये ते भारतीय संघाचे साहाय्यक प्रशिक्षक झाले, एप्रिल २०२५ मध्ये त्यांना मुक्त करण्यात आले आणि त्याच वर्षी कोलकात्याने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले.

आपल्या महाविद्यालयांच्या वाट्याला काय?

अमेरिकेतील चर्चा महाविद्यालयीन संघांची आहे, आपल्याकडील यश मात्र राज्य संघटना आणि आयपीएलचे आहे. महाविद्यालयाच्या मैदानापर्यंत हा अनुभव अजून पोहोचलेला नाही. महाराष्ट्रातील महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक हे पद असते. कबड्डीपासून क्रिकेटपर्यंत आणि मैदानी स्पर्धांपासून बुद्धिबळापर्यंत सगळे त्याच एका व्यक्तीने पाहायचे असते. प्रवेशिका भरणे, प्रवासखर्चाची मंजुरी घेणे, मैदान मिळवणे हीही कामे तिचीच. विद्यापीठाचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून निवडला जातो, काही दिवसांचे शिबिर होते आणि संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेला रवाना होतो. प्रतिस्पर्ध्याच्या चित्रफिती पाहणारा माणूस तर दूरच.

एकेकाळी विद्यापीठ क्रिकेटची रोहिंटन बारिया स्पर्धा राष्ट्रीय संघाकडे जाणारी पायरी होती. आता ती जागा वयोगटांच्या स्पर्धांनी आणि अकादमींनी घेतली आहे. गांधीबाग, इतवारी, महाल अशा दाट वस्तीच्या भागातील मुलगा सोळाव्या-सतराव्या वर्षी संघटनेच्या निवडीत आला, तर त्याला प्रशिक्षक, विश्लेषक, फिजिओ सारे मिळते. त्या वयात मागे पडला आणि महाविद्यालयात गेला, की त्याच्यासाठी ही यंत्रणा जवळजवळ बंद होते. उशिरा उमलणाऱ्या खेळाडूचे नुकसान इथे होते. स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण करून विदर्भाला पहिला करंडक मिळवून देणारा गुरबानी हा असे खेळाडू असतात याचा पुरावा आहे.

मार्ग आहे का?

त्यासाठी अलाबामासारखी तिजोरी लागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची संकल्पना आणून पदव्यांची नेहमीची अट न लावता अनुभवी व्यावसायिकांना वर्गात आणण्याचे दार उघडले. मैदानासाठी असाच विचार होऊ शकतो. रणजी खेळून निवृत्त झालेले, बीसीसीआयच्या प्रशिक्षक परीक्षा उत्तीर्ण झालेले खेळाडू नागपुरात आहेत. प्रत्येक महाविद्यालयाला स्वतंत्र प्रशिक्षक परवडणार नाही. पण चार-पाच महाविद्यालयांनी मिळून एक अनुभवी मार्गदर्शक हंगामापुरता नेमणे अवघड नाही. सामना मोबाइलवर चित्रित करून नोंदी ठेवण्याचे काम खेळाडू विद्यार्थीच शिकू शकतात, आणि त्यातूनच उद्याचे विश्लेषक तयार होतील.

अट एकच. अनुभवी माणूस आणताना त्याच्या शेजारी शिकणारा स्थानिक माणूस बसवला पाहिजे. मुनीमजी गेले आणि वहीही सोबत घेऊन गेले, तर दुकान पहिल्या दिवसावर येते. विदर्भाला पहिल्या करंडकासाठी सहा दशके लागली आणि दुसऱ्यानंतर तिसऱ्यासाठी सहा वर्षे. ती सहा वर्षे घरची माणसे तयार होण्यात गेली. महाविद्यालयांनी ही सुरुवातच अजून केलेली नाही.